आमसुली नाकारता येत नाही

घुम्याला हे नाव प्रयोगशाळेत रुजू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी पडलं. पहिले दोन दिवस तो मुका आहे अशीच सगळ्यांची समजूत होती. तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचे पंप सांभाळणाऱ्या पंपवाल्याच्या हातून एक लोखंडी कडं निसटून त्याच्या पायावर पडलं, तेव्हा तो "अरे" म्हणाला. लोकांना कळलं, की याला बोलता येतं, पण हा माणूस शब्द तोलूनमापून वापरतो.

त्यानंतर अकरा वर्षं तो त्याच खुर्चीत, त्याच पडद्यासमोर बसला. काम सांगायला सोपं होतं. एका लांबलचक नळीतून टायटॅनियमचे अणू प्रकाशाच्या वेगाच्या दहाव्या हिश्शानं पळवायचे आणि एका गरगर फिरणाऱ्या चाकावर नेऊन आदळायचे. चाकाच्या कडेला तलम पत्रा, आणि पत्र्यावर एका जड धातूचा पापुद्रा. दर सेकंदाला मोजता येणार नाहीत इतके अणू येऊन आदळत आणि जवळजवळ सगळे फुकट जात. पण कधीतरी त्यातला एखादा समोरच्या अणूला असा काही चिकटेल, की दोघांचा मिळून एक नवाच, जगात कुणी न बनवलेला अतिजड अणू होईल, अशी अपेक्षा होती. अकरा वर्षांत तसं काही झालं नव्हतं. आवर्त सारणीतला तो चौकोन रिकामाच होता, आणि घुम्याच्या खुर्चीचं रेक्झिन मात्र दोनदा बदलून झालं होतं.

घरी घुम्या आणि त्याची आई, दोघंच. आईनं चाळीस वर्षं शिवणकामाचं दुकान चालवलं होतं. दुकान बंद केलं तरी मशीन बंद केलं नव्हतं. गिऱ्हाइकं आता घरी येत आणि बाह्या वरखाली करून घेता घेता विचारत, "मुलगा काय करतो?"

"कारखान्यात असतो."

"काय बनवतात तिथे?"

"अजून काही नाही," असं आई अकरा वर्षं सांगत आली होती.

त्या दिवशी मंगळवार होता. दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी घुम्यानं डबा उघडला, पहिला घास तोंडात घातला आणि डब्याच्या दुसऱ्या कप्प्यात काय आहे ते बघायला मान खाली घातली. तेवढ्यात यंत्रानं 'टिक' केलं आणि नळीतून येणारा झोत आपोआप बंद झाला. असा झोत तेव्हाच बंद होतो, जेव्हा यंत्राला वाटतं, की काहीतरी खास घडलंय आणि आता गडबड नको. घुम्यानं मान वर केली. पडद्यावर एक उभी रेघ आली होती. तिच्याशेजारी दुसरी आली. मग तिसरी, मग चौथी. शेवटी एक भली उंच रेघ आली आणि सगळं शांत झालं.

घास तोंडात तसाच ठेवून घुम्यानं फोन उचलला.

"बाई, आला."

प्रयोगशाळेच्या प्रमुख म्हणजे मोठ्या बाई. "कोण आला?"

"तो."

पलीकडे खुर्ची पडल्याचा आवाज आला. "आहे?"

"गेला."

"गेला? किती वेळ होता?"

"सेकंदाचे चार दशांश."

मोठ्या बाई दोन मजले एका पायात बूट घालून उतरल्या. फोन जोडून देणाऱ्या टेलिफोनवालीनं हे सगळं ऐकलं होतं. ती दिवसभर हळहळत राहिली. "आल्या पावली परत पाठवलं हो त्यांना. निदान पाणी तरी विचारायचं!"

पुढचे दोन महिने तपासणीत गेले. रेघा मोजल्या, पुन्हा मोजल्या, पलीकडच्या देशातल्या लोकांकडून मोजून घेतल्या. या काळात कुणी बाहेर चकार शब्द काढायचा नाही असा बाईंचा हुकूम होता. "गप्प कसं राहायचं ते घुम्याकडे बघून शिका," असंही त्या म्हणाल्या. शेवटी एका सोमवारी संध्याकाळी तीन ओळींची घोषणा झाली. नवं मूलद्रव्य सापडलं, एक अणू मिळाला, तपशील शुक्रवारी पत्रकार परिषदेत.

घुम्या घरी आला तेव्हा आई कापडाला जुळणारा दोरा शोधत होती. टेबलावर रिळांची रास होती.

"आई, झाला."

"काय झाला?"

"अणू."

आईनं कात्री खाली ठेवली, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "दाखव."

"गेला तो."

"फोटो?"

"नाही."

"बरं, मग दिसायला कसा होता ते तरी सांग."

"दिसत नाही, आई. फार लहान असतो."

आईचा चेहरा पडला. नुसता पडला नाही, उसवला. "अकरा वर्षं मी लोकांना सांगतेय, अजून नाही, अजून नाही. आणि आला तेव्हा तू बघितलाच नाहीस? मग बघत कुठे होतास तू?"

याचं खरं उत्तर 'डब्यात' असं होतं. घुम्या जन्मात खोटं बोलला नव्हता. कमी बोलणाऱ्याला ते सोपं जातं. पण आईच्या त्या चेहऱ्याकडे त्याला बघवेना. त्यानं नजर टेबलावर वळवली.

"बघितला," तो म्हणाला.

"मग? रंग कसा होता?"

नजरेसमोर जे रीळ होतं त्याचा रंग त्यानं सांगितला. "आमसुली."

"गडद की फिका?"

थाप एकदा कापली की तिला अस्तरही लावावं लागतं. "मध्यम."

"चमक?"

"होती थोडी."

आईनं समाधानानं मान हलवली. "चांगला रंग आहे. मळखाऊ."

वरच्या मजल्यावर आईची मैत्रीण राहायची. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे, आणि तिची सून वर्तमानपत्रात होती. आईनं मैत्रिणीला सांगितलं, मैत्रिणीनं सुनेला, आणि सुनेनं सगळ्या शहराला. मंगळवारी सकाळी पहिल्या पानावर मथळा होता, 'नवं मूलद्रव्य आमसुली!' आणि त्याखाली बारीक अक्षरात, 'मळखाऊ असल्याचीही माहिती'.

प्रयोगशाळेतला फोन नऊ वाजता वाजायला लागला तो थांबेचना. शाळांसाठी तक्ते छापणाऱ्यानं विचारलं, की नवा चौकोन आमसुली छापला तर अक्षरं पांढरी ठेवू का. रंगाच्या कारखान्याला नमुना हवा होता. एका गृहस्थांनी पडद्यासाठी किती मीटर मिळेल अशी चौकशी केली. "माल शिल्लक नाही," टेलिफोनवालीनं त्यांना सांगितलं, आणि ते अगदी खरं होतं.

मोठ्या बाईंनी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत गोळा केलं. वर्तमानपत्राची गुंडाळी त्यांच्या हातात होती, आणि ती त्या स्वतःच्याच तळहातावर आपटत होत्या.

"कुणी सांगितलं हे?"

पंपवाल्याला आयुष्यभर कुठल्याही गोष्टीसाठी बोलणी खायची सवय होती. त्यानं नुसत्या सवयीनं "चुकलं, बाई," म्हणून टाकलं आणि मग, "पण मी नाही सांगितलं," अशी पुस्ती जोडली. तळघरात बसून आकडेमोड करणाऱ्या गणितीबुवांनी विचारलं, "आमसुली म्हणजे नेमकी तरंगलांबी किती?" बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते वहीत डोकं घालून बसले.

घुम्यानं हळूच हात वर केला.

"काय रे घुम्या? गरम होतंय? उघड खिडकी."

घुम्यानं खिडकी उघडली आणि परत जागेवर येऊन बसला. संशय सगळ्यांवर होता. अगदी टेलिफोनवालीवर आणि चाकाच्या पत्र्यावर धातूचा पापुद्रा चढवणाऱ्या बाईवरही होता. फक्त घुम्यावर नव्हता. जो माणूस स्वतःच्या बढतीच्या दिवशी "बरं" एवढंच म्हणाला होता, तो वर्तमानपत्राला रंग सांगेल हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

बुधवारी समुद्रापलीकडच्या प्रयोगशाळेनं पत्रक काढलं. हे लोक त्याच चौकोनामागे नऊ वर्षं धावत होते आणि साहजिकच चिडलेले होते. 'रंगाविषयीच्या दाव्याला कोणताही पुरावा नाही', एवढंच त्यांनी लिहिलं होतं. गुरुवारच्या वर्तमानपत्रात ते असं उतरलं, 'रंगावरून दोन प्रयोगशाळांत जुंपली'.

शुक्रवारी पत्रकार परिषद होती. घरच्या माणसांनाही बोलावलं होतं. घुम्याची आई दुसऱ्या रांगेत, अगदी मधोमध बसली. अंगात स्वतः शिवलेलं नवंकोरं आमसुली जाकीट होतं. घुम्या व्यासपीठावर शेवटच्या खुर्चीत होता, आणि ते जाकीट बघून त्याला आपण टायटॅनियमच्या झोतात बसलो असतो तर बरं झालं असतं, असं वाटत होतं.

मोठ्या बाईंनी चाळीस मिनिटं सगळं नीट समजावलं. एवढा जड अणू करायला कठीण का, तर त्याच्या गाभ्यातले प्रोटॉन एकमेकांना पाण्यात पाहतात आणि कधी एकदा वेगळे होतो असं त्यांना झालेलं असतं. तरी तो सेकंदाचे चार दशांश कसा टिकला, आणि तेवढं टिकणं म्हणजे केवढी मोठी गोष्ट. मग त्या म्हणाल्या, "काही प्रश्न?"

एकतीस हात वर झाले. पहिल्यानं विचारलं, "आमसुली म्हणजे जांभळाकडे झुकणारा, की तपकिरीकडे?"

बाईंनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. "एका अणूला रंग नसतो. धाग्याच्या एका कणावरून सदऱ्याची नक्षी कळते का? हा अणू कुणी पाहिलेला नाही, पाहता येत नाही. ज्या कुणी हे सांगितलं, त्यानं धडधडीत थाप मारली."

दुसऱ्या रांगेत आमसुली जाकीट उभं राहिलं.

"थाप?" आई म्हणाली. "अहो बाई, माझ्या मुलानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय. तो जन्मात खोटं बोललेला नाही. विचारा त्याला!"

सभागृहातल्या सगळ्या माना एकदम शेवटच्या खुर्चीकडे वळल्या. त्याच्या शेजारी बसलेल्या पंपवाल्याच्या तोंडून "घुम्या?" असं निघालं, आणि ते ध्वनिक्षेपकातून सगळ्यांना ऐकू गेलं.

घुम्या उठला. "आई," तो म्हणाला, "मी खोटं बोललो."

पुढे बोलायला हवं हे त्याला कळत होतं आणि कसं बोलायचं हे कळत नव्हतं, म्हणून तो बोलतच सुटला. "मी बघितला नाही. तो आला तेव्हा मी डब्यात बघत होतो. मान वर केली तेव्हा तो होता का तेही सांगता येत नाही, मान वर करायलाच अर्धा सेकंद जातो. मग रेघा आल्या. पाच. पाचवी आली तेव्हा मला कळलं. घास तोंडात होता, तो मी दहा मिनिटं चावला नाही. बाई आल्या, त्यांनी माझ्या दोन्ही खांद्यांना धरून मला हलवलं, तरी चावला नाही. एवढंच मी पाहिलं. पण तुला कसं सांगणार? अकरा वर्षांनी तुला काय रेघा आणून देऊ? टेबलावर आमसुली रीळ होतं. निळं असतं तर निळा म्हणालो असतो."

अकरा वर्षांत मिळून तो एवढं बोलला नव्हता. टेलिफोनवालीनं रुमाल काढला.

आईनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती बाईंकडे वळली. "म्हणजे यानं पाहिला नाही."

"नाही."

"तुम्ही?"

"मीही नाही. कुणीच नाही."

"मग आला होता कशावरून?"

एकतीस पेनं एकदम कागदावर टेकली. इतका सरळ प्रश्न त्यांच्यापैकी कुणाला सुचला नव्हता.

मोठ्या बाई व्यासपीठावरून उतरून खाली आल्या आणि आईच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. "असं बघा. हा अणू फार टिकत नाही. पोटातला एक तुकडा फेकून देतो आणि थोडा हलका, दुसराच अणू होतो. आम्ही त्याला लेक म्हणतो. ती लेकही तुकडा फेकते, की झाली नात. मग पणती. मग खापरपणती."

"आणि खापरपणतीचं पुढे?"

"फुटते."

"अरेरे."

"तर या नाती-पणत्या आम्हाला आधीपासून ठाऊक आहेत. दुसऱ्या प्रयोगांत भेटलेल्या. कुठली किती जोरानं तुकडा फेकते, किती वेळ तग धरते, सगळं लिहून ठेवलेलं आहे. त्या दुपारी त्या ओळीनं आल्या, एकाच जागी, एकीच्या पाठोपाठ एक. मग त्यांच्या आधी कोण असणार?"

आई विचार करत होती. सभागृह तिचा विचार होण्याची वाट पाहत होतं.

"मापांच्या वह्या," ती म्हणाली.

"काय म्हणालात?"

"माझ्याकडे मापांच्या वह्या असायच्या. एकदा एक मुलगी आली, कधी न पाहिलेली. खांद्याचं माप घेतलं, तर उजवा खांदा अर्धा इंच खाली. मी म्हटलं, अगं तू त्या घड्याळजीची नात ना? तीच निघाली. घड्याळजीला मी कधी बघितलंसुद्धा नव्हतं. त्याच्या लेकीचे झगे तेवढे शिवले होते, तिचाही खांदा तसाच. खाण तशी माती. मला घड्याळजी बघायची गरजच नव्हती."

"मी गेली चाळीस मिनिटं हेच सांगायचा प्रयत्न करतेय," मोठ्या बाई म्हणाल्या आणि आईच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत मटकन बसल्या.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण मागच्या भिंतीपाशी गणितीबुवा उभे राहिले. हातात एकेचाळीस पानं होती. अकरा वर्षांत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. हा आठवडा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा होता.

"रंगाबद्दल थोडं सांगायचं होतं."

"नको," मोठ्या बाई म्हणाल्या.

"एका अणूला रंग नसतो, मान्य. पण समजा मूठभर जमवले..."

"जमणार नाहीत."

"समजा! सोनं पिवळं का दिसतं? त्याचा गाभा जड, त्यामुळे आतले इलेक्ट्रॉन इतके सुसाट पळतात, की सगळा हिशोबच बदलतो आणि निळा प्रकाश गिळला जातो. नाहीतर सोनं चांदीसारखंच दिसलं असतं. आपला अणू सोन्याहून कितीतरी जड. त्याचे इलेक्ट्रॉन तर विचारूच नका. तेव्हा मी गणित केलं." त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला. "धातू बहुधा राखाडी. पण आकडेमोडीत चूक होऊ शकते. तिला जागा ठेवली तर..." त्यांनी शेवटचं पान उलटलं. "आमसुली नाकारता येत नाही."

कुणीतरी ओरडून विचारलं, "हिरवा नाकारता येतो का?"

"हिरवाही नाकारता येत नाही," गणितीबुवा प्रामाणिकपणे म्हणाले. पण तोवर निम्मे पत्रकार दाराबाहेर पळाले होते. दुसऱ्या दिवशीचा मथळा काय होता ते सांगायला नको.

आई तीन दिवस घुम्याशी बोलली नाही. घुम्याही बोलला नाही. पण घुम्या बोलत नाहीये हे कुणाला कळणार, त्यामुळे अबोल्याचं सगळं श्रेय आईलाच मिळालं. चौथ्या दिवशी तिनं त्याच्यासमोर ताट ठेवलं आणि म्हणाली, "रेघा का होईना, पण घेऊन यायचं होतंस. मला कागदावरचं वाचता येतं. चाळीस वर्षं कापडावर आखलेले बेतच वाचत आलेय." त्या संध्याकाळी घुम्यानं पाच रेघांचा कागद आणला. आईनं तो खिडकीशी धरून बराच वेळ पाहिला आणि पाचवीवर बोट ठेवून म्हणाली, "ही खापरपणती."

मोठ्या बाईंनी घुम्याला नोकरीवरून काढलं नाही. पण रंगाविषयी येणारा प्रत्येक फोन त्यानंच घ्यायचा, असा हुकूम काढला. पहिल्या दिवशी असे साठ फोन आले. पहिल्या फोनला घुम्या "नाही" म्हणाला आणि त्यानं फोन ठेवून दिला. पलीकडच्यानं परत लावला. विसाव्या फोनपर्यंत त्याला पूर्ण वाक्यं येऊ लागली. महिन्याभरात तो अणूचं सारं खानदान, सोन्याचा पिवळेपणा, चाकाचा पत्रा असं सगळं इतकं खुलवून सांगायला लागला, की लोक रंगाचं निमित्त काढून दुसऱ्यांदा फोन करत. पंपवाल्यानं बाईंकडे तक्रार केली, "जेवतानासुद्धा बोलतो हो आता. इलेक्ट्रॉनवर." बाई म्हणाल्या, "भोगा."

दुसरा अणू आठ महिन्यांनी आला. त्या वेळी घुम्या दाताच्या डॉक्टरांकडे अक्कलदाढ काढून घेत होता. त्याच्या खुर्चीत पंपवाला बसला होता आणि त्याचं मात्र सगळं लक्ष पडद्यावर होतं. मोठ्या बाईंनी आनंदाच्या भरात घुम्याच्या घरी फोन लावला. तो आईनं घेतला. दोघी बराच वेळ बोलल्या.

घुम्या घरी आला तो गाल सुजलेला, जीभ बधिर, तोंडात कापसाचा बोळा. आईनं मशीन थांबवलं.

"दुपारी तुझा अणू येऊन गेला. दुसरा. दोन वाजून पाच मिनिटांनी."

"आं?" घुम्या म्हणाला.

"अर्ध्या सेकंदाच्या वर राहिला. घराणं तेच, मी विचारून घेतलंय. फक्त पणतीनं जरा जास्त वेळ लावला, पण ते चालतं म्हणाल्या बाई."

"आं आं?" घुम्या दारातच हातवारे करायला लागला. त्याला एका दमात चौदा प्रश्न विचारायचे होते आणि त्यातला एकही तोंडाबाहेर पडत नव्हता.

"सांगते, सगळं सांगते," आई म्हणाली आणि बर्फ आणायला उठली. "आधी बस खाली. आणि तो बोळा बाहेर काढू नकोस."